जोड सुटतो तेव्हा

लखनौ शहराच्या नैर्ऋत्य भागात आलमबाग नावाची वस्ती आहे. अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शाह यांनी आपल्या बेगमेसाठी येथे बाग आणि कोठी बांधविली, त्यावरून हे नाव रूढ झाले. आज हा परिसर ओळखला जातो तो मुख्यतः रेल्वेमुळे. उत्तर रेल्वेचा डबे व वाघिणी यांच्या दुरुस्तीचा कारखाना येथे आहे, आणि रेल्वेच्या साधनसामग्रीची मानके ठरविणारी संशोधन, अभिकल्प व मानक संस्था १९५७ सालापासून जवळच्याच मानकनगरात काम करीत आहे. ठरावीक मुदतीनंतर प्रवासी डबे गाडीपासून वेगळे केले जातात, कारखान्यात नेऊन त्यांची मोठी दुरुस्ती केली जाते आणि मग ते पुन्हा गाडीला जोडले जातात.

डबा वेगळा करणे हे वरवर पाहता अगदी साधे काम वाटते. परंतु त्याला एक क्रम आहे आणि तो मोडून चालत नाही. दोन डब्यांमधून गाडीच्या ब्रेकसाठी दाबाखालील हवा वाहून नेणाऱ्या नळ्या गेलेल्या असतात. मुख्य ब्रेकनळीतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम इतका असतो. डबा सोडविणारा कामगार प्रथम डबा जागच्या जागी पक्का उभा आहे याची खात्री करून घेतो. नंतर जोडाच्या दोन्ही बाजूंच्या तोट्या तो बंद करतो. त्यानंतरच तो रबरी नळ्या सोडवितो, आणि डबे एकमेकांना धरून ठेवणारी साखळी किंवा आकडा सर्वांत शेवटी मोकळा करतो. तोट्या उघड्या असताना नळी सोडविली तर हवेच्या जोराने ती चाबकासारखी उसळून माणसाला जायबंदी करू शकते. थोडक्यात, देवघेव आधी थांबवावयाची, जोड नंतर सोडावयाचा आणि वस्तू सर्वांत शेवटी हलवावयाची.

संगणकाला जोडलेले नेटवर्क कार्ड काढून घेतले असता कधी कधी सबंध यंत्रणाच का कोसळते, हे समजून घेण्यासाठी हा क्रम ध्यानात ठेवणे उपयोगी पडेल.

न सांगता सुटलेला जोड

रेल्वेच्या इतिहासाने आणखी एक धडा दिलेला आहे. अमेरिकन संशोधक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचे पहिले पेटंट घेतले. त्या रचनेत इंजिनातून हवा पाठविली म्हणजे ब्रेक लागत असे. गाडी अखंड असेपर्यंत ही योजना उत्तम चाले. पण मध्येच जोड तुटला तर हवा नळीच्या तोंडातून निघून जाई आणि ज्या क्षणी ब्रेकची सर्वाधिक गरज असे, नेमका त्याच क्षणी तो निकामी होई. वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये हा विचारच उलटा केला. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी बसविण्यात आली. नळीतील दाब कायम असेपर्यंत ब्रेक सुटलेला राही, आणि दाब कमी होताच टाकीतील हवा ब्रेक लावी. जोड तुटला तर गाडीचे दोन्ही भाग आपोआप थांबू लागले.

पण सर्वांनी हा धडा वेळेवर घेतला नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीला निघालेली एक गाडी चढावर अडकली. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर नेण्याचे ठरले. तिचा ब्रेक निर्वात पद्धतीचा होता, परंतु स्वयंचलित नव्हता. त्यामुळे जोड सोडताच मागच्या डब्यांना गार्डच्या हातब्रेकखेरीज आधार उरला नाही. ते डबे उतारावरून मागे घसरले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बालकांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला.

या दोन गोष्टींमधून दोन प्रश्न निघतात. जोड ठरवून सोडला जात असेल तर कोणत्या क्रमाने सोडावा? आणि तो न सांगता सुटला तर राहिलेल्या भागाने काय करावे? कर्नेलसाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाही याच दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

कर्नेल आणि ड्रायव्हर

संगणकावर चालणाऱ्या असंख्य कार्यक्रमांना स्मृती, प्रक्रियकाचा वेळ आणि बाह्य उपकरणे वाटून देणारी जी मध्यवर्ती आज्ञावली असते, तिला कर्नेल म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहावयास घेतलेले लिनक्स हे अशा कर्नेलचे सर्वपरिचित उदाहरण होय. विशिष्ट उपकरणाशी कसे बोलावयाचे हे कर्नेलला शिकविणारा जो भाग असतो, त्याला ड्रायव्हर असे नाव आहे. आगगाडीच्या ड्रायव्हरशी त्याचे नामसाम्य तेवढे आहे.

साधा कार्यक्रम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. ड्रायव्हरची गोष्ट निराळी आहे. लिनक्ससारख्या कर्नेलमध्ये ड्रायव्हर कर्नेलच्या आतच राहतो आणि त्याला सर्व स्मृतीवर अधिकार असतो. त्याने चुकीच्या जागी हात घातला तर त्याला अडविणारे वरचे कोणी नसते. अशा वेळी लिनक्स एक निवेदन छापते. त्याला त्या क्षेत्रातील लोक ‘उप्स’ म्हणतात. चूक मर्यादित असेल तर यंत्र लंगडत का होईना पुढे चालते, आणि गंभीर असेल तर पूर्णपणे थांबते.

नेटवर्क कार्ड जोडले जाते तेव्हा ड्रायव्हर कितीतरी गोष्टी उसन्या घेतो. आपल्या नोंदींसाठी तो स्मृतीचा एक तुकडा मागून घेतो. कार्डावरील नियंत्रण-नोंदवह्या वाचता-लिहिता याव्यात म्हणून तो त्यांच्यासाठी पत्त्यांची एक खिडकी उघडून घेतो. पाकीट आले की कार्डाने प्रक्रियकाचे लक्ष वेधावे म्हणून तो इंटरप्ट नावाचा संकेत नोंदवितो. ठरावीक वेळाने तार जोडलेली आहे की नाही हे पाहण्यासाठी तो घड्याळ लावतो. सवडीने करावयाची कामे तो वेगळ्या रांगेत ठेवतो. शेवटी तो कर्नेलला कळवितो की, अमुक नावाचे नेटवर्क साधन आता सेवेस तयार आहे. त्या क्षणापासून इतर अनेक भाग या साधनाचा पत्ता आपल्याजवळ बाळगू लागतात.

कार्ड काढले जाते तेव्हा हा सगळा व्यवहार मिटवावा लागतो. कोसळण्याची बहुतेक कारणे या मिटविण्याच्या कामात दडलेली असतात.

दोन खुणा

कोसळलेल्या यंत्राने मागे ठेवलेल्या निवेदनात कारणाच्या खुणा सापडतात. त्यांपैकी दोन विशेष ओळखण्याजोग्या आहेत.

पहिली खूण अशी. पीसीआय प्रकारच्या मार्गावरील कार्ड अचानक निघाले आणि ड्रायव्हरने त्याची नोंदवही वाचली, तर उत्तर देणारे कोणीच नसते. अशा वेळी सामान्यतः सर्व अंश १ असलेली संख्या हाती येते. बत्तीस अंशांच्या नोंदवहीत ही संख्या ४,२९,४९,६७,२९५ इतकी होते. कार्ड कामात आहे हे सांगणारा अंश शून्य होईपर्यंत वाट पाहावयाची, अशी आज्ञा ड्रायव्हरमध्ये असेल तर तो अंश आता कधीच शून्य होणार नाही, आणि प्रक्रियक त्याच फेऱ्यात अडकून पडेल. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रतीक्षेला मुदत घालावी. तसेच सर्व अंश १ आले तर ते उत्तर कार्डाचे आहे असे न मानता कार्ड गेले असावे असे समजावे आणि काम थांबवावे. नळीतील दाब पडताच आपोआप लागणाऱ्या ब्रेकची रीत हीच आहे.

दुसरी खूण स्मृतीची आहे. परत केलेला स्मृतीचा तुकडा कर्नेल दुसऱ्या कोणाला तरी देऊ शकते. पण जुन्या मालकाने त्याचा पत्ता जपून ठेवला आणि पुन्हा तेथे वाचावयास किंवा लिहावयास गेला, तर तो आता दुसऱ्याच्या घरात शिरलेला असतो. खोली सोडलेल्या भाडेकरूने जुन्या किल्लीने रात्री दार उघडावे तसा हा प्रकार आहे. खोली रिकामी असेल तर काहीच घडत नाही. नवा भाडेकरू आला असेल तर अनर्थ ओढवतो. ही चूक उघडकीस यावी म्हणून लिनक्समध्ये एक सोय आहे. तपासणीची व्यवस्था चालू केली असता परत आलेल्या तुकड्याचा जवळजवळ प्रत्येक घटक षोडशमान पद्धतीतील ‘६बी’ या संख्येने भरला जातो. कोसळल्याच्या निवेदनात ‘६बी६बी६बी६बी’ असा पत्ता दिसला, की जाणकार माणूस समजतो की कोणीतरी सोडलेल्या खोलीत शिरले होते.

एका ओळीची जागा

सन २०१४ मध्ये लिनक्समध्ये ‘ईसी-बीएचएफ’ नावाचा एक ड्रायव्हर समाविष्ट झाला. बेकहोफ या जर्मन कंपनीच्या सीएक्स-५०२० या औद्योगिक संगणकातील ईथरकॅट जोडणीसाठी तो लिहिलेला होता. ईथरकॅट हे कारखान्यांतील यंत्रांना आज्ञा पोहोचविणारे जलद जाळे आहे. उपकरण काढून घेतले जात असता या ड्रायव्हरमध्ये पुढील कामे याच क्रमाने होत असत :

१. नेटवर्क साधनाची नोंदणी रद्द करणे.
२. त्या साधनाची स्मृती परत करणे.
३. खासगी नोंदींमध्ये लिहून ठेवलेल्या पत्त्यावरून कार्डाची पहिली खिडकी बंद करणे.
४. तशाच रीतीने दुसरी खिडकी बंद करणे.

येथे क्षणभर थांबून यात कोठे चूक आहे ते वाचकाने स्वतः शोधून पाहावे. प्रत्येक काम आवश्यक आहे आणि एकही काम राहून गेलेले नाही. तरीही ही यादी सदोष आहे.

लिनक्समध्ये नेटवर्क साधनासाठी स्मृती मागितली की साधनाच्या सर्वसाधारण नोंदी आणि ड्रायव्हरच्या खासगी नोंदी एकाच अखंड तुकड्यात मिळतात. साधनाची स्मृती परत केली की खासगी नोंदींची स्मृतीही आपोआप परत जाते. तिसरे आणि चौथे काम ज्या नोंदींवर विसंबून आहे, त्या दुसऱ्या कामातच हातातून गेलेल्या असतात. पेटी विकून टाकावयाची आणि मग तिच्यातील किल्ली शोधावयाची, असा हा प्रकार झाला.

जून २०२१ मध्ये ही चूक दुरुस्त करण्यात आली. दुरुस्ती एवढीच होती की दुसरे काम उचलून चौथ्यानंतर ठेवण्यात आले. नवी युक्ती शोधावी लागली नाही. एका ओळीची जागा बदलली. त्याच सुमारास आणखी काही नेटवर्क ड्रायव्हरांत याच जातीची चूक सापडली आणि त्याच रीतीने सुधारली गेली.

सात वर्षे अशी चूक नजरेआड का राहते, हा प्रश्न साहजिक आहे. औद्योगिक संगणकात कायमचे बसविलेले उपकरण क्वचितच काढले जाते. काढले तरी परत केलेला तुकडा त्याच क्षणी दुसऱ्याला दिला जाईल असे नाही. बहुधा जुन्या नोंदी काही काळ तशाच राहतात आणि सगळे सुरळीत पार पडल्यासारखे दिसते. दहा वेळा काम नीट झाले म्हणजे क्रम बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. अकराव्या वेळी मधल्या क्षणात दुसऱ्या प्रक्रियकाने तो तुकडा घेतलेला असू शकतो.

मिटवामिटवीचा क्रम

वरील उदाहरणावरून सर्वसाधारण नियम असा बांधता येईल की, ज्या क्रमाने गोष्टी घेतल्या त्याच्या उलट क्रमाने त्या परत कराव्यात. नेटवर्क ड्रायव्हरच्या बाबतीत त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे पडतात.

सर्वप्रथम साधनाची नोंदणी रद्द करावी. त्यामुळे नवे काम येण्याचा मार्ग बंद होतो. साधन चालू असेल तर या वेळी कर्नेल स्वतःच ड्रायव्हरला काम थांबविण्याची आज्ञा देते. हे म्हणजे तोटी बंद करणे होय.

त्यानंतर इंटरप्ट सोडून द्यावा. आधुनिक संगणकात अनेक प्रक्रियक असतात. एक प्रक्रियक मिटवामिटव करीत असता दुसऱ्यावर इंटरप्टचे काम अर्धवट चाललेले असू शकते. म्हणून इंटरप्ट सोडविणारी कर्नेलची व्यवस्था चालू काम संपेपर्यंत वाट पाहते.

मग घड्याळे आणि सवडीची कामे रद्द करावीत. येथे एक फसवी जागा आहे. पुष्कळ ड्रायव्हरांत घड्याळ वाजले की सवडीचे काम रांगेत पडते, आणि ते काम संपताना पुन्हा घड्याळ लावते. घड्याळ रद्द केले आणि त्याच वेळी ते काम चालू असले, तर काम संपताना घड्याळ पुन्हा लागते. काही सेकंदांनी ते वाजते तेव्हा ड्रायव्हर अस्तित्वातच नसतो. हा फेरा तोडावयाचा असेल तर ‘आता मिटविण्यास सुरुवात झाली आहे’ अशी खूण आधी करून ठेवावी. ती खूण पाहून कोणीही नवे घड्याळ लावणार नाही. त्यानंतर दोन्ही रद्द करावीत, आणि रद्द करताना चालू काम संपेपर्यंत थांबावे.

हे झाल्यावर कार्डाच्या नोंदवह्यांची खिडकी बंद करावी. स्मृती परत करण्याचे काम सर्वांच्या शेवटी यावे.

मोजदाद

ड्रायव्हरने आपले काम निर्दोष केले तरी एक अडचण उरते. साधनाचा पत्ता कर्नेलच्या इतर भागांनीही जपून ठेवलेला असतो. कोणी एखादी वाट त्या साधनावरून आखलेली असते, कोणी एखादे पाकीट अजून हातात धरलेले असते. त्या सर्वांचा विचार न करता स्मृती परत केली तर कोसळण्याचा प्रसंग नुसता दुसऱ्याच्या दारात जातो.

यासाठी लिनक्सने मोजदादीची पद्धत स्वीकारली आहे. साधनाचा पत्ता बाळगणाऱ्याने एकने मोजणी वाढवावी आणि काम झाले की एकने कमी करावी. मोजणी पूर्ण मिटल्याशिवाय साधन नष्ट होत नाही. कोणी कमी करण्यास विसरले तर कर्नेल थोड्या थोड्या वेळाने निवेदन देते की, अमुक साधन मोकळे होण्याची वाट पाहत आहे, वापरसंख्या १. हे निवेदन पाहून अनेकांचा जीव मेटाकुटीस येतो आणि ही वाट पाहणेच काढून टाकावे असा मोह होतो. परंतु हा मोह टाळावयास हवा. निवेदन हा दोष नव्हे. कोणीतरी उसने घेतलेले परत केलेले नाही, एवढेच ते सांगत आहे. वाट पाहणे काढून टाकले तर आज दिसणारी तक्रार नाहीशी होईल आणि तिच्या जागी कोसळणारे यंत्र येईल.

जेथे प्रत्येक वाचनाची मोजदाद करणे फार महाग पडते तेथे निराळी योजना आहे. २००२ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या या योजनेनुसार वस्तू प्रथम यादीतून काढली जाते, म्हणजे नव्याने येणाऱ्याला ती दिसत नाही. त्या क्षणी जे जे वाचक आत होते, ते सर्व बाहेर पडेपर्यंत कर्नेल थांबते आणि मगच ती वस्तू नष्ट करते. वाचनालय बंद करताना नव्यांना दार लावून घ्यावे, आत बसलेल्यांना आपले पान पुरे करू द्यावे आणि नंतर दिवे मालवावेत, तशी ही रीत आहे.

तपासणी

क्रमातील चूक वाचून सापडते, पण केवळ वाचनावर विसंबून राहणे योग्य नाही. दुरुस्ती केल्यानंतर ती पारखून पाहावी लागते, आणि पारख शांत यंत्रावर करून उपयोगी नाही. कार्डावरून भरपूर माहिती वाहत असताना ते काढावे, जोडावे आणि पुन्हा काढावे. असे शेकडो वेळा करावे. प्रत्येक वेळी हाताने उपसण्याची गरज नाही. ड्रायव्हर आणि उपकरण यांची फारकत आज्ञा देऊन करण्याची सोय लिनक्समध्ये आहे. परंतु अशा फारकतीत कार्ड जागेवरच असते आणि विचारले असता उत्तर देते. म्हणून अचानक निघालेल्या कार्डाची परीक्षा शेवटी खरोखर कार्ड काढूनच घ्यावी लागते.

सोडलेल्या स्मृतीतील घुसखोरी पकडण्यासाठी २०१५ पासून ‘केसॅन’ नावाची पहारेकऱ्यासारखी व्यवस्था लिनक्समध्ये उपलब्ध आहे. ती चालू असता परत केलेल्या तुकड्याला कोणी स्पर्श केला की त्याच क्षणी निवेदन मिळते. तुकडा कोणी घेतला होता, कोणी परत केला आणि नंतर कोणी स्पर्श केला, हे तिन्ही त्यात नमूद असते. या व्यवस्थेमुळे यंत्र मंदावते, म्हणून ती मुख्यतः प्रयोगशाळेत वापरली जाते. आंद्रेय कोनोवालोव्ह या संशोधकाने २०१७ मध्ये अशाच साधनांच्या साह्याने लिनक्सच्या यूएसबी विभागातील आणि ड्रायव्हरांतील अनेक दोष उघडकीस आणले. खोडसाळ माणूस मुद्दाम बनविलेले उपकरण जोडून अशा दोषांचा गैरफायदा घेऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे हे उघड होईल.

आलमबागेच्या कारखान्यातून दुरुस्त होऊन निघालेल्या डब्याचा ब्रेक तपासताना तो लागतो की नाही एवढेच पाहून भागत नाही. नळीतील दाब जाताच तो आपोआप लागतो का, हेही पाहावे लागते. ड्रायव्हरची परीक्षाही याच नियमाने व्हावयास हवी. कार्ड जोडले आणि माहिती वाहू लागली, एवढ्याने ती पुरी होत नाही. ठरवून काढले असता सर्व उसनवारी क्रमाने फिटते का, आणि न सांगता काढले असता बाकीचे यंत्र शाबूत राहते का, हे दोन्ही पाहिल्यावरच ड्रायव्हर कामास योग्य मानावा.